एका शोधनिबंधाची पट्टी

पहाटे चार वाजता गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जागा असलेला माणूस एक तर हमाल असतो, नाही तर आडत्या, नाही तर आडत्याचा पीएच.डी. करणारा भाचा. पहिल्या दोघांना त्या वेळी काम असतं. तिसऱ्याला नेट असतं. बाहेर हमाल गाडीतून गोण्या उतरवत असतात आणि आत गाळ्यावर, मुनीमजींच्या गादीच्या कडेला बसून, मी जर्नलच्या वेबसाइटवर फाइल चढवत असतो. त्यांची गोणी एका दमात उतरते. माझी फाइल अठ्ठ्याण्णव टक्क्यांपर्यंत चढते आणि मग वेबसाइट विचारते, ‘आपण मनुष्य आहात काय?’ पहाटे चारला या प्रश्नाचं छातीठोक उत्तर देणं अवघड असतं.

मामांचा हा गाळा कांदा-बटाटा विभागात आहे. शिकायला म्हणून मी गावाहून त्यांच्या बिबवेवाडीच्या घरी आलो, तो ‘तीन महिन्यांत होस्टेल मिळेल’ या बोलीवर. त्याला सतरा वर्षं झाली. एवढ्या काळात मामांनी माझ्याकडे भाडं मागितलं नाही, फक्त प्रबंधाचा विषय विचारला. विषय होता ‘गुलटेकडी बाजारातील कांद्याची आवक व घाऊक भाव यांचा परस्परसंबंध : एक चिकित्सक अभ्यास’. शेवटचे तीन शब्द नसले तर प्रबंध आत घेत नाहीत, असा माझा समज आहे. सहा वर्षं आणि 214 पानं खर्चून मी असा निष्कर्ष काढला की आवक वाढली की भाव पडतात.

“हे तू मला विचारायचंस,” मामा म्हणाले. “चहा संपायच्या आत सांगितलं असतं.”

“पण मामा, त्याला संदर्भ लागतो.”

“मग माझं नाव घाल.”

मी घातलं. गाइडसरांनी लाल पेनाने त्यावर काट मारून समासात लिहिलं : ‘मामा हा ग्राह्य संदर्भ नव्हे.’ मामींना हे वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, “हे मी तीस वर्षं सांगतेय.”

पण प्रबंध लिहिणं हा पीएच.डी.चा सोपा भाग. अवघड भाग म्हणजे ‘पब्लिकेशन’. जुलै 2016 मध्ये दोन गोष्टी घडल्या. राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची, असं ठरवलं; यार्डात बंद झाला, सभा झाल्या, मामा आठवडाभर घोषणा देऊन घसा बसवून आले. आणि त्याच महिन्यात यूजीसीची पीएच.डी.ची नवी नियमावली आली. तिच्यात प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध जर्नलमध्ये छापून आला पाहिजे, ही अट होतीच. म्हणजे शेतकरी सुटला त्याच महिन्यात मी अडकलो. माझ्यासाठी कुणी बंद पाळला नाही.

पहिला निबंध मी झटपट मार्गाने छापला. हे कबूल करायला लाज वाटते, पण त्या काळी आमच्या बॅचमधल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक ‘पेपर पब्लिशवाले सर’ असायचेच, जसे प्रत्येकाकडे एक प्लंबर आणि एक गॅसवाला असतो. सरांचा मेसेज आला : ‘अठ्ठेचाळीस तासांत पब्लिश, यूजीसी अप्रूव्ह्ड, इम्पॅक्ट फॅक्टर 7.9, सर्टिफिकेटसह 1800 रुपये. दोन पेपरवर तिसरा फ्री.’ मामांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि सवयीने 1200 वर सौदा तोडला. “सात पॉइंट नऊ काय आहे?” त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, प्रतवारी. “मग पहिल्या नंबरचा माल बाराशेत देत नसतात,” असं म्हणून ते गिऱ्हाइकाकडे वळले. मी तेव्हाच ऐकायला हवं होतं.

पैसे मी अकरा वाजून दोन मिनिटांनी पाठवले. अकरा वाजून तेरा मिनिटांनी स्वीकृतीपत्र आलं. त्या अकरा मिनिटांत दोन आंतरराष्ट्रीय परीक्षकांनी माझं काम वाचून ‘एक्सलंट ओरिजिनल कॉन्ट्रिब्यूशन’ असा शेरा मारला होता. संध्याकाळी कळलं, की गडबडीत मी निबंधाऐवजी मामींच्या दिवाळीच्या फराळाच्या सामानाची यादी जोडली होती. सरांना कळवलं. सर म्हणाले, “हरकत नाही. दोन्ही छापू का? दुसऱ्यावर सवलत आहे.”

पुढे निबंध छापून आला आणि सर्टिफिकेटही आलं. त्यावर सोनेरी किनार होती, तीन शिक्के होते आणि ‘ओनियन’च्या जागी ‘युनियन’ छापलं होतं. म्हणजे अधिकृत नोंदीप्रमाणे मी गुलटेकडीतील युनियनची आवक आणि भाव यांवर संशोधन केलं आहे. मामींनी ते लॅमिनेट करून गाळ्यावर गणपतीच्या फोटोशेजारी लावलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुटीत हमालांची रांग लागली.

“सर, आमच्यावर लिहिलंत म्हणे?”

इथं थोडं सांगायला हवं. या यार्डातल्या हमालाला युनियन शिकवायला कुणा पीएच.डी.वाल्याची गरज नाही. बाबा आढावांनी 1950च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. पुढे 1969 साली राज्यात माथाडी कायदा आला. गोणीची हमाली किती, तोलाई कुणी द्यायची, हे आज सगळं ठरलेलं आहे. त्यांनी माझा निबंध उलटसुलट पाहिला. त्यांतले एक वयस्कर काका म्हणाले, “यात आमचं नावच नाही.” मग विचारलं, “हे लिहायचे तुम्हाला किती मिळाले?”

“मिळाले नाहीत काका. बाराशे दिले.”

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. “तुमच्यात पंचायत नाही का कुणाची?”

मी म्हटलं, पंचायत नाही, पंचाईत आहे.

मे 2018 मध्ये यूजीसीने आपल्या मान्य यादीतून 4305 जर्नलं एका फटक्यात काढून टाकली. माझं त्यात होतं. आमच्याच पुण्याच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत शिरलेली 1009 जर्नलं तपासली होती आणि त्यातली 88 टक्क्यांहून जास्त हलक्या प्रतीची असावीत असा निष्कर्ष ‘करंट सायन्स’मध्ये मांडला होता. कुणाला धड पत्ता नाही, कुणाचा क्रमांक खोटा, कुणाचा इम्पॅक्ट फॅक्टर घरी शिजवलेला. मी ही बातमी मामांना अत्यंत दुःखी आवाजात वाचून दाखवली.

“शंभरात अठ्ठ्याऐंशी सडके?” मामा म्हणाले. “म्हणजे बारा चांगले निघाले. पावसाळी माल होता, त्या मानानं बरंय.”

जर्नल यादीतून गेलं, पण माझा ई-मेल पत्ता त्यांच्याकडेच राहिला आणि त्यांनी तो, बहुधा शेकड्याच्या भावाने, जगभर विकला. तेव्हापासून मला रोज ‘ग्रीटिंग्ज ऑफ द डे’ येतात. ‘परमआदरणीय प्राध्यापक महोदय, आपला कांद्यावरील अद्वितीय शोधनिबंध वाचून आम्ही भारावून गेलो आहोत. कृपया आमच्या नेत्ररोग जर्नलसाठी आपला लेख पाठवावा.’ हे मला निदान तर्काला धरून वाटलं. कांदा आणि डोळे यांचा संबंध आहेच. पण मग बालदंतवैद्यक आलं, सागरी अभियांत्रिकी आली. व्हिएन्नातल्या एका परिषदेने तर मला बीजभाषणासाठी बोलावलं. मानधन 600 युरो; म्हणजे मी द्यायचं.

2019 मध्ये यूजीसीने ‘केअर’ नावाची नवी, चाळलेली यादी आणली. मी आता शहाणा झालो होतो. यादीतलंच एक जुनं, भारदस्त जर्नल शोधलं आणि निबंध पाठवला. तीन दिवसांत स्वीकृती आली तेव्हा डोक्यात घंटा वाजायला हवी होती, पण माझ्या डोक्यात सनई वाजत होती. पैसे भरल्यावर कळलं की ती त्या जर्नलच्या नावाने काढलेली नकली वेबसाइट होती. नाव तेच, क्रमांक तोच, मुखपृष्ठ तेच. खऱ्या संपादकांना मी फोन लावला. वयस्कर गृहस्थ होते. ते शांतपणे म्हणाले, “अहो, आमचा अंक तर छपाईअभावी दोन वर्षं निघालेलाच नाही. तुमच्याकडे ताजा अंक असेल तर एक प्रत पाठवाल का?”

शेवटी मी सरळमार्गी, परदेशी, प्रतिष्ठित जर्नलकडे वळलो. चौदा महिने काही कळलं नाही. वेबसाइटवर रोज ‘अंडर रिव्ह्यू’ दिसायचं. मामा रोज विचारायचे, “लागला का भाव?” मी सांगायचो, परीक्षक बघताहेत. एकदा त्यांनी ही परीक्षकाची भानगड नीट समजावून घेतली.

“म्हणजे माल कुणाचा आहे हे बघणाऱ्याला कळू द्यायचं नाही. आणि कोण बघतंय हे तुला कळू द्यायचं नाही.”

“हो. डबल ब्लाइंड म्हणतात त्याला.”

“आमच्या वडिलांच्या वेळी होतं हे. रुमालाखाली हात घालून बोटं दाबायची आणि भाव ठरवायचा. शेतकरी नुसता समोर उभा. ते बंद पाडायला किती भांडणं झाली! तुमच्यात अजून चालू आहे?”

मी म्हटलं, आमच्यात त्यालाच दर्जा म्हणतात.

पहिल्या परीक्षकाने एकाच वाक्यात लिहिलं, ‘छापावा.’ तो देवमाणूस असावा किंवा त्याने वाचला नसावा. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. दुसऱ्या परीक्षकाने चार पानं लिहिली. दुसरा परीक्षक म्हणजे यार्डातलं ते गिऱ्हाईक, जे गोणीत कोपरापर्यंत हात घालतं, तळातला एक जोड कांदा बाहेर काढतं, सगळ्यांना दाखवतं आणि काहीही न घेता निघून जातं. त्याच्या मते, (अ) कांद्याऐवजी लसूण का घेतला नाही, याचं समर्थन लेखकाने द्यावं. (आ) भाषा इंग्रजीच्या जाणकाराकडून तपासून घ्यावी. आणि (इ) पुढील सहा शोधनिबंध न वाचल्याने लेखन अपुरं राहिलं आहे. सहाही निबंध एकाच माणसाचे होते. डबल ब्लाइंडमधून त्याचा एक डोळा स्पष्ट दिसत होता.

मी सहाही संदर्भ घातले. लसणावर एक परिच्छेद लिहिला. भाषा तपासायला साडेतीन हजार दिले. त्या जाणकाराने ‘अँड’च्या आधीचे सगळे स्वल्पविराम काढले. पुढच्या फेरीत जर्नलच्या संपादकाने ते सगळे परत घालायला सांगितले. मग वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने अहवाल दिला, की यातला 31 टक्के मजकूर ‘युनियन’वरच्या एका जुन्या निबंधातून उचललेला आहे. मूळ लेखक मीच.

“आपलीच गोणी आपणच पळवली म्हणून चौकीत बसायचं?” मामांनी विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.

सहलेखकांचा प्रश्न त्यातच उभा राहिला. गाइडसरांचं नाव घालणं ओघानं आलं. मग विभागप्रमुखांचं, कारण प्रिंटर त्यांच्या केबिनमध्ये होता. मग कॉलेजच्या एका ज्येष्ठ सरांचं, कारण त्यांनी ‘माझं नाव घालू नका हं’ असं तीनदा बजावलं होतं. 1975 साली जॅक हेदरिंग्टन नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मधल्या निबंधात आपल्या सयामी मांजराला सहलेखक केलं होतं. कारण एवढंच, की एकट्याने लिहूनही त्याने सगळीकडे ‘आम्ही’ टाइप केलं होतं आणि टाइपरायटरवर सगळं पुन्हा बडवायचा त्याला कंटाळा आला. लोक यावर हसतात. मी हसत नाही. आमच्या गाळ्यावरच्या मांजरीने निदान दोन उंदीर मारलेत. माझ्या सहलेखकांची कामगिरी अजून बाहेर यायची आहे.

स्वीकृती आली त्या दिवशी एक फॉर्मही आला. त्यावर सही केली की निबंधाचे सगळे हक्क प्रकाशकाचे. शोधनिबंधांचं पहिलं इंग्रजी नियतकालिक लंडनमध्ये 1665 साली निघालं. त्याच साली आमच्या इथे, यार्डापासून फार लांब नाही, पुरंदरचा तह झाला. महाराजांनी 23 किल्ले दिले, पण 12 राखले. मी तो फॉर्म तीनदा वाचला. मला एकही किल्ला राखता येत नव्हता. फक्त मिर्झाराजांना आभाराचं पत्र पाठवता येत होतं. मी सही केली.

निबंध छापून आला. गाळ्यावर पेढे वाटले. मामा म्हणाले, “उघड, बघू तरी.” मी लिंक उघडली. पडद्यावर माझं नाव आलं (या वेळी ‘ओनियन’ बरोबर होतं), पाच ओळींचा सारांश आला आणि खाली चौकट आली : पूर्ण लेख वाचण्यासाठी 39 डॉलर 95 सेंट. माझ्याकडची शेवटची दुरुस्त प्रत त्याच महिन्यात लॅपटॉपसह गेली होती.

“हा तुझाच ना?” मामा म्हणाले. मी होकार दिला. त्यांनी मुनीमजींकडून पट्टीबुक मागवलं. पट्टी म्हणजे मालविक्रीनंतर शेतकऱ्याला द्यायचा हिशेब. मामांनी वर माझं नाव लिहिलं, माल : शोधनिबंध, नग एक.

“पीक कुणी काढलं?”

“मी.”

“बियाणं, खत, पाणी?”

“काही सरकारचं, काही तुमचं.”

“माल पारखला कुणी?”

“दुसऱ्या शेतकऱ्यांनी. फुकट.”

“फुकट?” त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला, पुन्हा उचललं. “मग आडत्यानं काय केलं?”

“त्यानं छापला. म्हणजे वेबसाइटवर टाकला.”

“आणि आता तुझा कांदा तुलाच विकतोय. साडेतीन हजाराला.”

“सगळ्यांना फुकट वाचू द्यायचा असेल तर आपणच आधी पैसे भरायचे, अशीही सोय आहे. ‘नेचर’ने 2020 मध्ये त्याचा दर 9500 युरो जाहीर केला. म्हणजे आठ लाखांच्या वर.”

“आठ लाखांत छोटा हत्ती येतो,” मामा म्हणाले, “आणि वर ड्रायव्हरचा पगार सुटतो.” ते बराच वेळ पट्टीकडे बघत बसले. विक्री : शून्य. भराई, तपासणी, जाहीर न केलेली किरकोळ वजावट. निव्वळ रकमेच्या रकान्यात त्यांनी ‘शेतकऱ्याकडून येणे’ असं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या हातून असली पट्टी निघाली असावी. “चाळीस वर्षं आम्हाला लोक लुटारू म्हणतात,” ते हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. हेवा होता.

नोव्हेंबर 2022 मध्ये यूजीसीची आणखी एक नियमावली आली. पीएच.डी.साठी शोधनिबंध छापून येण्याची सक्ती तिने काढून टाकली. माझा निबंध आला त्याला तेव्हा तीन आठवडे झाले होते. गाइडसर म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका, नोकरीसाठी उपयोग होईल.” तो झाला. मी तासिका तत्त्वावर एका विनाअनुदानित कॉलेजात लागलो. दर वर्षी मुलाखतीत प्रकाशनं विचारतात, मी केअर यादीतलं दाखवायचो. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने ती यादीच बंद केल्याचं जाहीर केलं. मी ज्या फांदीवर हात ठेवतो ती यूजीसी छाटते, अशी आता विभागात वदंता आहे. कुणाला एखादा नियम रद्द करून हवा असेल तर मला तो पाळायला सांगतात.

1 जानेवारी 2025 पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ सुरू झाली आहे : तीन वर्षांना 6000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळजवळ 13,000 जर्नलं, आणि 6300 सरकारी संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना ती मोफत खुली. मी आनंदाने कॉलेजच्या ग्रंथपालबाईंकडे धावलो. म्हटलं, मॅडम, आता तरी माझा निबंध वाचता येईल. त्या म्हणाल्या, “सर, ते सरकारी संस्थांना. आपण विनाअनुदानित.” एका राष्ट्रात आमचं कॉलेज बसत नाही.

मागच्या शनिवारी मामांनीच तोडगा काढला. त्यांचा व्हॉट्सअॅपवर शेतकऱ्यांचा ग्रुप आहे. जुन्नर, खेड, शिरूर, पार श्रीगोंद्यापर्यंतचे लोक त्यात आहेत. रोज सकाळी मामा आवक आणि दहा किलोचे भाव टाकतात : गोळा इतका, गोल्टी इतकी, बदला इतका. कुणाकडून पैसे घेत नाहीत, कुणाकडून सही घेत नाहीत. “तुझं ते सहा वर्षांचं काय ते मराठीत बोल,” त्यांनी फोन माझ्या तोंडासमोर धरला. मी दीड मिनिटात सगळा प्रबंध बोललो. मला स्वतःलाच धक्का बसला. लसणाला धरूनही दीडच मिनिट लागलं.

प्रतिक्रिया चहा यायच्या आत सुरू झाल्या. एकाने दोन हात जोडले. एकाने गुलाबाचं फूल आणि ‘शुभ सकाळ’ टाकलं. एकाने लिहिलं, ‘हे आमच्या आजाला माहीत होतं.’ एकाने विचारलं, ‘कुठल्या वर्षाचे आकडे? दुष्काळाचं साल धरलं का?’ हा प्रश्न दोन्ही परीक्षकांना सुचला नव्हता, आणि गाइडसरांनाही. खरं सांगायचं तर मलाही. सव्वासातला तोच संदेश दुसऱ्या ग्रुपवरून माझ्याकडे परत आला, ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ या शिक्क्यासह, आणि बोलणारे म्हणून एका माजी सरपंचांचं नाव होतं.

मग खेडहून एकाचा थेट फोन आला.

“सर, ते सगळं खरं. उद्या रविवार. गाडी भरू का नको, तेवढं सांगा.”

मी घसा साफ केला. सहा वर्षं, 214 पानं, दोन परीक्षक, एक तह, सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

“याबाबत अधिक संशोधनाची गरज आहे,” मी म्हणालो.

मामांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. “भर,” ते म्हणाले. “गोल्टी वेगळी काढ. आणि वरचा थर चांगला लाव.”